हुत्सपोट: भांड्यात नसलेला बटाटा

आपल्याकडे आषाढी एकादशीला साबुदाण्याची खिचडी जशी ठरलेली, तसे हॉलंडमधल्या लायडन शहरात 3 ऑक्टोबरला हुत्सपोट ठरलेले असते. बटाटे, गाजरे आणि भरपूर कांदे एकत्र उकडायचे, जाडसर कुस्करायचे आणि सावकाश शिजवलेल्या गोमांसाबरोबर गरमागरम वाढायचे. मसाला म्हणाल तर मीठ, मिरी आणि लोणी. आपल्या जिभेला हे मिळमिळीतच लागणार! पण त्यामागचा इतिहास मुळीच मिळमिळीत नाही.

स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्याविरुद्ध डच प्रांतांनी बंड केले होते. 1574 च्या मे महिन्यात त्याच्या सैन्याने लायडनला दुसऱ्यांदा वेढा घातला. भूक आणि प्लेग यांनी शहरातली हजारो माणसे गेली. शेवटी बंडखोरांनी आपल्याच मुलखातले बांध फोडले आणि शेते पाण्याखाली घातली. (खाजनाचा बांध फुटला की काय होते, हे गोवेकराला सांगायला नको.) वारा फिरला, पाणी चढले, बंडखोरांच्या होड्या शहराजवळ आल्या आणि 3 ऑक्टोबरला स्पॅनिश सैन्य तळ सोडून गेले. उपाशी लोकांना हेरिंग मासे आणि पांढरा पाव वाटला गेला. तो आजही त्या दिवशी वाटतात. आणि आख्यायिका अशी, की कॉर्नेलिस नावाच्या एका पोरक्या मुलाला स्पॅनिशांच्या ओस छावणीत शिजवणाने भरलेले भांडे सापडले. तेच हे हुत्सपोट. ते भांडे म्हणून ओळखले जाणारे पातेले लायडनच्या लाकेनहाल संग्रहालयात आहे.

गंमत अशी, की त्या भांड्यात बटाटा असणे शक्य नाही. दक्षिण अमेरिकेतला हा कंद तेव्हा नुकता कुठे स्पेनला पोहोचला होता. भांड्यात असणार ती गाजरे, कांदे आणि पार्सनिप, म्हणजे गाजरासारखेच दिसणारे पांढरट मूळ. म्हणजे लायडनकर दरवर्षी ज्या चवीची आठवण काढतात, ती त्यांच्या पूर्वजांनी चाखलेलीच नव्हती. मला यात काही खोटे वाटत नाही. भुकेची आठवण खरी असली की भांड्यात काय होते याचा हिशेब लोक ठेवत नाहीत.

वेढ्यानंतर, 1575 साली लायडनला विद्यापीठ मिळाले. तिथल्या वनस्पती-बागेची व्यवस्था पाहायला 1593 साली कारोलुस क्लुसिअस आला. व्हिएन्नात असताना, 1588 साली, त्याच्या हाती बटाटे आले होते. 1601 च्या आपल्या ग्रंथात त्याने त्यांचे वर्णन केले. हे नाव वाचून मी थबकलो. कारण गार्सिया द ओर्ताचा औषधी वनस्पतींवरचा जो ग्रंथ 1563 साली आपल्या गोव्यात छापला गेला, त्याचा लॅटिन संक्षेप 1567 साली काढणारा माणूस हाच! पणजीत ओर्ताच्या नावाचे उद्यान आहे. कचेरीत जाताना मी ते रोज पाहतो, पण हा धागा कधी कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. पुढे 1580 साली इन्क्विझिशनने ओर्ताची हाडे उकरून जाळली. पुस्तक मात्र क्लुसिअसमुळे युरोपभर वाचले गेले.

बागेतला बटाटा गरिबाच्या पातेल्यात यायला अठरावे शतक उजाडले. मग त्याने पार्सनिपला हुसकावलेच, आणि सगळ्या थंडीभर पोट भरणारा 'स्टाम्पपोट' हा प्रकार रुळला. त्यातला मला सर्वात आवडलेला म्हणजे एंडाइव्हचा: कडसर पाला बारीक चिरून कच्चाच गरम कुस्करलेल्या बटाट्यात मिसळायचा, वर डुकराच्या मांसाचे परतलेले तुकडे. गरम कोशिंबीरच म्हणा ना! दुसऱ्या एका प्रकारात सफरचंदे घालतात. तो फार वेळ गरम राहतो, म्हणून त्याचे नाव 'गरम वीज'.

एकाच पिकावर विसंबण्याची किंमतही पडली. 1845 साली करपा पडून बटाटे शेतातच सडले. 1885 साली व्हान गॉगने नुनेन गावात दिव्याखाली बटाटे खाणारे शेतकरी कुटुंब रंगवले, तेव्हाही गरिबांचे जेवण तेच होते.

आणि 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मन ताब्यातल्या पश्चिम हॉलंडमध्ये बटाटेही मिळेनात. सुमारे 20,000 माणसे दगावली. जगलेल्यांनी साखरेचे बीट खाल्ले, ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. ट्यूलिप लायडनच्या बागेत लावणाराही क्लुसिअसच.