मोटार आणि मैत्र

उमरी हे नाव इतिहासाच्या अभ्यासकाला प्रथम आठवते ते जानेवारी १९४८ मध्ये हैदराबाद मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्यांनी येथील बँकेवर घातलेल्या छाप्यामुळे. त्या संग्रामाच्या वृत्तांतात या प्रसंगाला मानाचे स्थान आहे आणि ते असायलाच हवे. पण गावाचा इतिहास अशा एका दिवसात मावत नाही. उरलेल्या दिवसांत माणसे बाजाराला जातात, लग्नाला जातात, तालुक्याला खेटे घालतात, वाटेत कुठेतरी अडकतात आणि कुणाला तरी हाक मारतात. या हाकेतून जी मैत्री जुळली, विशेषतः मोटारीच्या निमित्ताने जी जुळली, तिच्याविषयी येथे काही मांडावे असा आमचा विचार आहे.

हा इतिहासाचा विषय आहे का, अशी शंका कुणी घेईल. मोटारीचा शौक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे धनवंत उभे राहतात. १८९८ साली मुंबईत मोटारी आल्या, तेव्हाच्या पहिल्या मालकांत जमशेटजी टाटांचे नाव घेतले जाते. १९१९ साली मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन स्थापन झाली आणि मोटारमालकांना आपली संस्था मिळाली. आमच्या भागावर ज्यांचे राज्य होते त्या निजामांच्या घराण्याने १९११ च्या सुमारास सिंहासनासारखी बैठक असलेली पिवळी रोल्स-रॉइस मागवली. ती मिरवणुकीपुरती बाहेर पडे. आज ती हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात पाहायला मिळते. या सगळ्याची नोंद आहे, छायाचित्रे आहेत. जिची नोंद नाही ती गोष्ट निराळी आहे. धर्माबाद-मुदखेडच्या रस्त्यावर भर उन्हात बंद पडलेल्या जीपभोवती जमलेल्या चार माणसांचे पुढे काय झाले, हे कोणत्याही दफ्तरात सापडत नाही.

मोटारीआधीही सोबतीने प्रवास करण्याची रीत येथे होतीच. 'गाडी' हा शब्दच पाहावा. तो बैलगाडीचा होता, मग आगगाडीचा झाला आणि शेवटी मोटारीला जाऊन चिकटला. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला मार्गशीर्षात गाड्या निघत, त्या एकट्यादुकट्या निघत नसत. एका गावच्या गाड्या एकामागून एक चालत, रात्री एकत्र सोडल्या जात, चुली शेजारी शेजारी पेटत. एखाद्या गाडीचा कणा मोडला तर पुढच्या गाड्या थांबत. थांबण्यात कुणी उपकार मानत नसे, कारण उद्या आपला कणा मोडणार हे प्रत्येकाला ठाऊक असे. मोटार आली तेव्हा ही रीत सोबत घेऊनच आली, असे आम्हांला वाटते.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर गोदावरीच्या खोऱ्यातून मीटरगेज रेल्वे गेली आणि उमरीला स्टेशन मिळाले. पुढे निजाम राज्याच्या रेल्वेनेच रस्ता-वाहतुकीचे खाते काढले. जून १९३२ मध्ये २७ बसगाड्या आणि १६६ नोकर एवढ्या सामग्रीवर ते सुरू झाले. पलीकडे मुंबई राज्यात एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, म्हणजे तिच्या सोळा वर्षे आधी सरकारी बस निजामी मुलखात होती. पण मुलखात बस असणे आणि आपल्या गावाला बस येणे यांत मोठे अंतर आहे. हे अंतर रस्त्याचे होते. काळ्या मातीची गावे पावसाळ्याचे चार महिने जगापासून तुटत. चिखल चाकाला असा धरी की बैलजोडी लावून जीप ओढावी लागे, आणि जीपवाल्याची बैलवाल्याशी पहिली ओळख अशीच होई.

रस्ते झाले ते बऱ्याच अंशी दुष्काळाने केले. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील शेतकरी, शेतमजूर, बायाबापड्या खडी फोडायला बसल्या. रोजगार हमीची सुरुवातही त्याच काळातली. आज आपण ज्या रस्त्यांवर गाडीचा वेग पाहून हरखतो, त्यांतील कित्येकांच्या तळाशी त्या उपाशी हातांनी फोडलेली खडी आहे. मोटारीच्या शौकाचा इतिहास लिहायचा तर त्याचे पहिले प्रकरण या हातांपासून सुरू व्हायला हवे. ते आजवर कुणी लिहिलेले नाही.

स्वातंत्र्यानंतरची तीन-साडेतीन दशके ही टंचाईची होती. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची कुर्ल्याची फियाट, कलकत्त्याकडची अॅम्बॅसेडर आणि महिंद्रांची जीप, एवढीच काय ती नावे. गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्यामुळे तालुक्याच्या गावी जी गाडी येई ती बहुधा कुणीतरी वापरून सोडलेली असे. तिला आपले स्वभाव असत. सकाळी ती हँडल मारल्याशिवाय उठत नसे. उन्हाळ्यात रेडिएटर उकळे. पेट्रोलची नळी तापून आतल्या आत वाफ धरे आणि गाडी धापा टाकत उभी राही. मग पंपावर ओले फडके गुंडाळून, झाडाखाली तंबाखू मळत, ती निवण्याची वाट पाहायची. प्लग काढून पॉलिश कागदाने घासायचा, कार्बोरेटरच्या जेटमधला कचरा तोंडाने फुंकून काढायचा. ही विद्या कोणत्याही शाळेत शिकवली जात नव्हती. ती एकाने दुसऱ्याला रस्त्यावर दिली.

या देवघेवीतून जे जमले त्याला आम्ही मैत्र म्हणतो. एकाकडे जुनी स्टेपनी पडून आहे, दुसऱ्याला ती हवी आहे. एकाचा मेहुणा हैदराबादला सुट्या भागांच्या दुकानात आहे, त्याच्या हाती चार जणांच्या चिठ्ठ्या जातात. आडत दुकानदार, कंपाउंडर, मास्तर, जिनिंगमधला फिटर आणि बागाईतदार एरवी एका बैठकीला बसले नसते, ते उघड्या बॉनेटवर डोकी लावून उभे राहत. बोलणे गाडीपासून सुरू होई आणि पोरीच्या स्थळावर, भावकीच्या वाटणीवर, कापसाच्या भावावर जाऊन थांबे. पु. ल. देशपांडे यांच्या 'म्हैस' या कथेत एस.टी. म्हशीला धडकून थांबते, तेव्हाच आतले प्रवासी एकमेकांना दिसू लागतात. धावत्या गाडीत ते केवळ शेजारी असतात. ती कथा कोकणच्या रस्त्यावरची आहे, पण तिचे मर्म मराठवाड्याच्या माणसाला कुणी समजावून सांगावे लागत नाही. माणसे जोडण्याचे काम मोटारीच्या वेगाने फारसे केले नाही. ते तिच्या थांबण्याने केले.

मात्र या मैत्राचे गोडवे गाताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. उघड्या बॉनेटभोवतीचे वर्तुळ सर्वांसाठी सारखे उघडे नव्हते. मालक, ड्रायव्हर, क्लीनर आणि मिस्त्री ही उतरंड होतीच. गाडी लग्नाला गेली की मालक मांडवात, ड्रायव्हर गाडीपाशी, आणि त्याचे ताट शेवटी येई, कधी कधी वेगळ्या पंगतीला. गाडीची नस ज्याला ठाऊक त्याच्या नावावर गाडी नसे. स्त्रियांची गोष्ट तर याहून दूरची. ज्या बायांनी रस्त्याची खडी फोडली त्यांच्यापैकी कितीजणी पुढे गाडीच्या पुढच्या आसनावर बसल्या असतील? या वर्तुळात त्या कधी आल्याच तर डबा घेऊन, चहा घेऊन आल्या.

हे आम्ही दुसऱ्यांविषयी लिहीत आहोत असे वाचकांना वाटू नये म्हणून आमचेही सांगतो. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत आम्ही चौघा प्राध्यापकांनी मिळून एक जुनी मारुती ८०० घेतली होती आणि नांदेडहून उमरीला तिने ये-जा करीत होतो. पेट्रोलची पाळी ठरलेली, वही ठेवलेली. वाटेत 'कोसला'पासून विद्यापीठाच्या परिपत्रकांपर्यंत सर्व विषयांवर भांडणे होत. गाडी दर महिन्या-दोन महिन्यांनी आम्हांला उमरीतील एका मिस्त्रींच्या दारी उभी करी. ते दुरून आवाज ऐकूनच सांगत, "सर, आज एक प्लग मारत नाही." टिनाच्या त्या शेडमध्ये आम्ही कितीतरी संध्याकाळी घालवल्या. त्यांच्या मुलाच्या दहावीचे गणित आमच्यातल्या एकाने तिथेच, उलट्या ठेवलेल्या टायरवर बसून घेतले. पुढे वेतन आयोग आला, कर्जे सोपी झाली, चौघांच्या चार गाड्या झाल्या. आता आम्ही एकाच रस्त्याने, दहा-दहा मिनिटांच्या अंतराने, काचा वर करून कॉलेजात येतो. मारुती विकली त्या दिवशी कुणालाच फारसे वाईट वाटले नव्हते.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा आम्ही एकमेकांना विचारले, की आपल्या घरच्या कार्यांच्या पत्रिका त्या मिस्त्रींना गेल्या होत्या का? कुणालाच 'हो' म्हणता आले नाही. त्यांच्या मुलाच्या लग्नाला मात्र आम्ही चौघेही जेवलो होतो.

गाड्याही बदलल्या. २००० साली देशभर धुराचे नवे नियम लागू झाले आणि नव्या मोटारींतून कार्बोरेटर हळूहळू गेला. त्याच्या जागी इंजिनाला मोजून इंधन देणारी विजेची यंत्रणा आली. गाडी बंद पडेनाशी झाली, ही चांगलीच गोष्ट आहे. रात्री-अपरात्री बाळंतिणीला घेऊन निघालेल्या माणसाला विचारा, तो जुन्या गाडीची आठवण काढून उसासे टाकणार नाही. पण कानाने दुखणे ओळखणाऱ्या मिस्त्रीची जागा आता तारेने जोडायच्या यंत्राने घेतली. समृद्धी महामार्गावर गाडी थांबली तर वळून पाहणारा गावकरी तेथे नाही. दोन्ही बाजूंना कुंपण आहे आणि मदतीसाठी दूरध्वनीचा क्रमांक आहे.

आणि नेमक्या याच काळात मोटारप्रेमींची मंडळे वाढली आहेत. तरुण मुले रविवारी पहाटे ठरवून निघतात, कुठल्यातरी ढाब्यावर गाड्या ओळीने लावतात, टायर आणि इंजिनावर तासन्‌तास बोलतात, एकमेकांच्या वाढदिवसांना आणि दवाखान्यातही हजर राहतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा कधी तिच्या स्टिअरिंगला हात न लावलेलेही हळहळले. आमच्या पिढीतील काहींना हा पोरकटपणा वाटतो. आम्हांला तसे वाटत नाही. जुन्यांना गरजेने जे मिळाले ते ही मुले आवडीने मिळवू पाहत आहेत. गरज संपल्यावरही सोबत हवीशी वाटावी, यात त्या सोबतीचा मोठेपणाच दिसतो.

आमचा प्रश्न एवढाच, की या नव्या वर्तुळात कोण उभे राहणार? ज्याच्यापाशी गाडी आहे तोच, की जो ती दुरुस्त करतो तोही? ज्ञानदेवांनी 'मैत्र' हा शब्द पसायदानात मागितला तो सर्वच जिवांसाठी मागितला. त्याची हद्द त्यांनी आखून दिलेली नाही.

आमचे मिस्त्री आता थकले आहेत. शेड मुलाकडे आहे आणि तो मुख्यतः दुचाकींचे काम करतो. गेल्या पंधरवड्यात आम्ही वही घेऊन त्यांच्याकडे गेलो, त्यांनी शिकलेल्या पहिल्या गाडीपासून सांगा म्हणालो. ते हसले. म्हणाले, "हे कशाला लिहिता, सर? हे तर सगळ्यांना माहीत आहे." त्यांना ज्या सगळ्यांची खात्री वाटते ते एकेक करून जात आहेत. म्हणून दर शनिवारी आम्ही जातो आहोत, आणि जाताना चौघे एकाच गाडीत बसतो.