हिरड्यांच्या एका रोगाचं नाव 'वैदर्भ'!

आमच्या लकडगंजात आरामशीन आली की जवळपास पानठेला आलाच. तिथं खर्रा घोटून होईस्तोवर कुणीतरी म्हणतंच, "पायरिया झाला बे, दात हालून राहिले." या नावामागचा इतिहास आज सांगतो. शेवटपर्यंत वाचा, कारण शेवट आपल्याच गालात आहे.

सुश्रुतसंहितेत दंतमूलाचे, म्हणजे हिरड्यांचे, 15 रोग मोजलेत. अचानक रक्त येतं तो शीताद. पू-रक्त येऊन दात हलतात तो दंतवेष्ट. हिरडी घासली जाऊन सुजते आणि दात हलतात, तो वैदर्भ! वाचून मी चमकलोच. नावावरून आपल्या प्रांताशी नातं जोडायची घाई नको, पण पद्धत बघा: लक्षण विचारा, कारणही विचारा.

'पायरिया' मूळचा ग्रीक, अर्थ पू वाहणं. म्हणजे फक्त लक्षण. 19व्या शतकात अमेरिकेत दंतवैद्य जॉन रिग्ज यांच्यावरून त्याला 'रिग्जचा रोग' म्हणू लागले. 1989 च्या वर्गीकरणात रोग्याच्या वयाला महत्त्व आलं. 1999 मध्ये वय बाजूला ठेवून 'जुनाट' आणि 'आक्रमक' असे प्रकार केले. 2017 च्या शिकागो परिषदेत हे दोन्ही एकत्र झाले.

आता नुसती हिरडी सुजली तर जिंजिव्हायटिस. दाताला धरणारं हाड झिजू लागलं की पेरिओडॉन्टायटिस. त्याच्या चार पायऱ्या सांगतात, नुकसान किती झालं. ए, बी, सी हे दर्जे सांगतात, रोग किती वेगानं वाढेल. दिवसाला 10 किंवा जास्त सिगारेटी, किंवा मधुमेह असून एचबीए1सी 7 किंवा वर, तर दर्जा थेट सी.

माझा मुद्दा इथंच आहे. त्या तक्त्यात सिगारेटचा रकाना आहे, खर्र्याचा नाही. खर्रा जिथं दाबून ठेवतो, तिथंच हिरडी दात सोडायला लागते. डॉक्टरांनी विचारलं, "सिगारेट?" आपण म्हणतो, "नाही जी." खोटं काहीच नाही, पण खरं कारण कागदावर येतच नाही.

म्हणून भाऊ, न विचारताच सांगा: दिवसाला किती पुड्या, कोणत्या गालात. आणि दंतवैद्यांनो, केसपेपरवर एक ओळ आपली वाढवा. कारण विचारायची रीत तर सुश्रुतापासूनच आहे.