सोयाबीनमधील विकरे
सोयाबीनच्या दाण्यातील, जैवरासायनिक विक्रियांचा वेग वाढवणारी प्रथिने. विकराचे नाव सहसा ते ज्या पदार्थावर क्रिया करते त्यावरून किंवा क्रियेच्या प्रकारावरून ठेवून शेवटी ‘एज’ प्रत्यय जोडतात. यूरियाचे विघटन करणारे ते यूरिएज. त्याचा आंतरराष्ट्रीय वर्गीकरण क्रमांक ३.५.१.५ असून पहिला अंक जलविच्छेदक वर्ग दर्शवतो.

यूरिएज अमिनो अम्लांच्या साखळ्यांचे बनलेले असून त्याच्या क्रियास्थानी निकेलचे दोन आयन असतात. सोयाबीनमधील लिपॉक्सिजनेज या दुसऱ्या विकरात लोह असते. या विकराच्या क्रियेतून सोयाबीनचा उग्र वास निर्माण होतो. उष्णतेने प्रथिनांची घडण मोडून विकरे निष्क्रिय होतात. म्हणून पशुखाद्यातील सोयाबीनच्या पेंडीवर पुरेशी उष्णताप्रक्रिया झाली का, हे तिच्यातील उरलेल्या यूरिएज-क्रियेवरून तपासतात.