लोणारचा खार, दहीहंड्याचे मीठ

आमच्या अल्लीपूरला एप्रिल लागला की गच्चीवर पापडांच्या चादरी अंथरल्या जातात. मोहल्ल्यातल्या चार-पाच घरच्या बाया एकत्र बसतात. माझ्या लहानपणी अम्मी मला किराणा दुकानात पिटाळायची ती एकाच गोष्टीसाठी: पापडखार. तिच्या तोंडी त्याला ‘सज्जी’ म्हणत. दुकानदार कागदाच्या पुडीत पांढरट भुकटी बांधून द्यायचा. ती कुठून येते हा प्रश्न तेव्हा पडला नाही. पडला तो पुष्कळ वर्षांनी, ‘आईन-ए-अकबरी’तले वऱ्हाड सुभ्याचे प्रकरण वाचताना.

अबुल फजलने हा ग्रंथ लिहिला तेव्हा, म्हणजे सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात, वऱ्हाड नुकतेच मुघलांकडे आले होते. साल १५९६. सुभ्यातल्या एकेका सरकारची नोंद करताना तो मेहकर सरकारातल्या लोणारपाशी थांबतो. (आमच्या वर्ध्याजवळचे पवनार हेही त्याच यादीतले एक सरकार.) लोणारबद्दल तो काय सांगतो? ब्राह्मण या जागेला विष्णूची गया मानतात, हे आदराने नोंदवतो. मग लगेच सांगतो की इथे काच आणि साबण तयार करायला लागणारा सगळा माल मिळतो, शोऱ्याचे काम चालते आणि त्याच्या जकातीतून सरकारला बरा महसूल येतो. खाऱ्या पाण्याची आणि त्यालगतच्या गोड्या पाण्याची नोंदही तो करतो. आजही सरोवराच्या काठी कमळजादेवीच्या मंदिराजवळ ‘सासू-सुनेची विहीर’ दाखवतात, एका बाजूचे पाणी खारट आणि दुसऱ्या बाजूचे गोडे अशी तिची ख्याती आहे.

मराठीत मुघलांचा इतिहास म्हणजे स्वाऱ्या, वेढे आणि तह. शाळेत मीही तोच शिकवतो, अभ्यासक्रमच तसा आहे. पण बादशहाच्या दरबारातला एक विद्वान वऱ्हाडातल्या एका खड्ड्यातल्या साबणाच्या मालाची नोंद करतो, यात मला त्या काळाचे जास्त खरे चित्र दिसते. त्या नोंदीत बांगड्या करणारे कासार आणि मणियार आहेत, कापड रंगवणारे रंगारी आणि रंगरेज आहेत, साबण करणारे आहेत. यातले कितीतरी मुसलमान कारागीर. त्यांची नावे कुठेच नाहीत, त्यांच्या मालाचे तेवढे नाव आहे.

आता त्या मालाबद्दल. लोणारचे सरोवर उल्कापाताने काळ्या पाषाणात पडलेल्या विवरात आहे. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. त्याचे वय पूर्वी पन्नास हजार वर्षांच्या आसपास धरत, अलीकडच्या मोजणीने ते पावणेसहा लाखांच्या घरात गेले आहे. पाणी आत येते, पण बाहेर जायला वाट नाही. दगडातून विरघळून आलेले क्षार तळ्यातच राहतात, पाणी तेवढे वाफ होऊन जाते. म्हणून इथले पाणी नुसते खारट नाही, त्यात खाण्याच्या मिठाबरोबर सोडाही भरपूर आहे. उन्हाळ्यात पाणी मागे सरले की काठावर आणि चिखलात त्याचे थर बसत. मजूर त्या उग्र वासाच्या पाण्यात उतरून ते काढत. प्रतीप्रमाणे त्याची नावे होती: डल्ला, निमक डल्ला, खप्पल, पापडी, भुस्की. डल्ला म्हणजे खडा, पापडी म्हणजे पातळ थर, भुस्की म्हणजे भुकटी. ही नावे ऐकली की कळते, ती कुण्या साहेबाने दिलेली नाहीत, मालाला हात लावणाऱ्यांनी दिली आहेत.

हा धंदा का बुडाला? सरोवर वाचवायचे म्हणून कुणी तो बंद केला, असे मुळीच नाही. १८६० च्या दशकात बेल्जियमच्या अर्नेस्ट सोल्वेने साध्या मिठापासून स्वस्तात सोडा करण्याची रीत बसवली. तो विलायती सोडा जहाजाने मुंबईला आणि तिथून रेल्वेने आत येऊ लागला. १८६७ मध्ये गाडी वऱ्हाडातून नागपूरला पोहोचली, पण लोणार त्या रुळांपासून दूरच राहिले. जालन्याला रेल्वे आली ती १९०० मध्ये, आणि तिथवरही बैलगाडीच. दुसरा घाव रंगाचा. वऱ्हाड-नागपूरकडे आल नावाच्या झाडाची मुळी लाल रंगासाठी पिकवत, रंगाऱ्याला तिच्या जोडीला खार लागे. १८६९ च्या सुमारास जर्मनीत कृत्रिम अलिझरीन तयार झाले आणि पुढच्या काही दशकांत आलीची शेती, रंगाऱ्याची भट्टी आणि खाराचे गिऱ्हाईक, तिन्ही एकामागोमाग गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांनी लोणारचे पाणी तपासले, किती सोडा निघेल याचे हिशेब मांडले. त्यातून मोठा कारखाना काही उभा राहिला नाही. माझ्या मते हे सरोवराचे नशीबच.

मिठाची गोष्ट मात्र वेगळी. ती पूर्णेच्या खोऱ्यातली. अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा वऱ्हाडातल्या प्रत्येकाला माहीत आहे. तिथे विहीर खोदली की पाणी लागते, पण खारे. पूर्वी अकोल्याकडच्या दहीहंडा परिसरात अशा विहिरींचे पाणी उपसून मीठ करत. समुद्रापासून इतक्या दूर, कोरड्या मुलखात, हे गरिबाचे मीठ होते. समुद्राच्या मिठाइतके पांढरेशुभ्र नसेल, पण गावचे होते. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेले आणि मिठाचा कर हा सरकारी तिजोरीचा मोठा आधार झाला. कर चुकवून मीठ इकडून तिकडे जाऊ नये म्हणून हिंदुस्थानाच्या पोटातून काटेरी कुंपणाची जकात-रेषा होती, ती १८७९ मध्ये मोडली. कुंपण गेले, कर राहिला. गावठी विहिरींचे मीठ सरकारला नकोच होते, ते बंद पडले आणि कोकणचे करभरले मीठ रेल्वेने येऊ लागले. पर्यावरणाचा विचार इथेही कुणाच्या मनात नव्हता.

म्हणून १९३० च्या एप्रिलमध्ये, दांडीनंतर काहीच दिवसांत, वऱ्हाडातले सत्याग्रही दहीहंड्याला जमले. समुद्र नव्हता, पण खारी विहीर होती. तिच्या पाण्याचे मीठ करून कायदा मोडला. पुढे जुलैमध्ये बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला आणि विदर्भात तोच जास्त गाजला. दहीहंडा पाठ्यपुस्तकात एका ओळीचाही धनी होत नाही. वर्गात मी हा प्रसंग सांगतो तेव्हा मुले हमखास विचारतात, “सर, विहिरीतून मीठ कसं निघेल?” आमच्या हिंगणघाट तालुक्यातल्या मुलांना खारी विहीर माहीत नाही, हे त्यांचे सुख.

खारपाणपट्ट्यातल्या लोकांना ते सुख नाही. ज्या पाण्याचे मीठ करणे गुन्हा होता तेच पाणी त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या प्यायले. तिथे मूत्रपिंडाचे आजार हा घरोघरचा विषय आहे. ओलित करावे तर जमीन बिघडते, त्यामुळे शेती पावसावर. मीठ करण्याचा धंदा चालू राहिला असता तर काय झाले असते, असे मी स्वतःला विचारले आहे. चार कुटुंबांना काम मिळाले असते हे खरे. पण उपसलेले खारे पाणी आणि मिठाचा गाळ शेजारच्या काळ्या रानात गेला असता, तर त्या शेतकऱ्याने काय करायचे? जुन्या प्रमाणात, बैलाच्या मोटेने, तो तोटा थोडा होता. पंप आल्यावर तो थोडा राहिला नसता.

हे मी हवेतून बोलत नाही. राजस्थानातल्या सांभर तळ्याकडे पाहा. १८७० च्या सुमारास इंग्रजांनी ते जयपूर-जोधपूरकडून करारावर घेतले, तेव्हापासून तिथे मोठ्या प्रमाणावर मीठ निघते. गेल्या काही दशकांत तळ्याच्या पोटात बेकायदा कूपनलिका घालून खोलवरचे खारे पाणी उपसले जाते. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये तिथे हजारो स्थलांतरित पक्षी बोटुलिझमने मेले. त्या मरणाचा सगळा दोष मिठागरांवर टाकता येणार नाही, पण तळे आजारी आहे हे तेव्हा सगळ्यांना दिसले. दुसरीकडे कच्छच्या छोट्या रणातले आगरिया. वर्षाचे आठ महिने रणात राहून मीठ पिकवणारी ही माणसे, त्यात मुसलमान कुटुंबेही आहेत. १९७३ मध्ये रानगाढवांसाठी ते अभयारण्य झाले आणि आगरिया आपल्याच जमिनीवर परके ठरले. म्हणजे कधी कारखाना तळ्याला खातो, तर कधी तळे वाचवण्याच्या नावाखाली मजुराला हाकलतात. माझा कल मजुराकडे आहे हे लपवत नाही. पण तळेच गेले तर मजुरीही जाते.

लोणारला २००० मध्ये वन्यजीव अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२० च्या नोव्हेंबरमध्ये रामसर स्थळाचा, महाराष्ट्रात नांदूर-मधमेश्वरनंतर दुसरा. आता तिथला खडाही उचलता येत नाही. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झाले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने क्षारप्रेमी सूक्ष्मजीव हे त्याचे कारण सांगितले: पाणी आटले, खारेपणा वाढला, ते जीव फोफावले. तेव्हा टीव्हीवर गर्दी उसळली. पण सरोवराचा खरा त्रास शांतपणे चालला आहे. गावाचे सांडपाणी आणि भोवतालच्या शेतातले खत त्यात उतरते. गोडे पाणी वाढले की सोड्याचे प्रमाण पातळ होते, आणि ज्या सूक्ष्मजीवांमुळे लोणार जगात एकमेव आहे त्यांचे घरच बदलते. चारशे वर्षे खार काढणाऱ्यांनी जे केले नाही, ते आमच्या गटारांनी थोड्या वर्षांत करायला घेतले. कारण साधे आहे. खार काढणाऱ्याला उन्हाची वाट पाहावी लागे, सूर्य देईल तेवढेच मिळे. गटार वाट पाहत नाही.

मागच्या वर्षी आम्ही दहावीची मुले लोणारला नेली. वनरक्षकाने आधीच बजावले, काठावरची माती खिशात घालायची नाही. एका मुलीने तरी ओंजळीत थोडी पांढरी भुकटी घेऊन नाकाशी नेली आणि म्हणाली, “सर, ही तर नानीच्या पापडासारखी वास मारते.” मग तिने ती जिथून घेतली तिथेच झटकली आणि हात ओढणीला पुसले.