इंदापूरचा सारा आणि लंडनची हुंडी

'इंग्रजांनी देश लुटला' हे वाक्य वर्गात आपण सहज सांगून जातो. एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, "म्हणजे नेमके काय केले? रुपये बोटीत भरून नेले?" या प्रश्नाचे चांगले उत्तर पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर-बारामती भागाच्या इतिहासात सापडते. तेही एका इंग्रज अधिकाऱ्याच्याच हातचे.

पेशवाई १८१८ मध्ये संपली. नव्या सरकारपुढे पहिला प्रश्न होता तो साऱ्याचा. हे काम रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याकडे आले. प्रिंगल हा कंपनीच्या हेलिबरी कॉलेजचा विद्यार्थी. लोकसंख्येच्या सिद्धांतामुळे प्रसिद्ध असलेला माल्थस तेथे अर्थशास्त्र शिकवीत असे. पिकाच्या किमतीतून लागवडीचा खर्च वजा करावा, उरेल त्या निव्वळ उत्पन्नाचा ५५ टक्के भाग सरकारने घ्यावा, असे प्रिंगलने ठरवले. कागदावर हिशेब चोख होता. पण मोजण्या चुकीच्या, जमिनीच्या प्रती लाच देऊन फिरवलेल्या आणि धान्याचे भाव उतरलेले! १८३० नंतर थकबाकी साचत गेली आणि वसुलीसाठी लोकांचा छळ झाला. अनेकांनी शेती टाकली, काही शेजारच्या संस्थानांत निघून गेले.

तेव्हा गोल्डस्मिड या अधिकाऱ्याने लेफ्टनंट जॉर्ज विंगेट या इंजिनिअरला बरोबर घेऊन इंदापूर तालुक्याची नव्याने पाहणी केली. निव्वळ उत्पन्नाचे गणित त्यांनी बाजूला ठेवले. मातीचा रंग आणि खोली पाहून जमिनीच्या नऊ प्रती पाडल्या, शेतांना नंबर दिले, हद्दीचे दगड रोवले. मागे प्रत्यक्षात किती वसूल होत आला हे पाहून १८३६ मध्ये सारा ठरवला तो तीस वर्षांसाठी, आणि पूर्वीपेक्षा हलका. पडीक जमिनी पुन्हा लागवडीखाली येऊ लागल्या. मुंबई इलाख्यातल्या रयतवारी पद्धतीचा पाया इंदापुरात घातला गेला तो असा. आजच्या सातबाऱ्यावरच्या सर्व्हे नंबरांचे मूळही याच पद्धतीत आहे.

याच विंगेटने १८५९ मध्ये लंडनमध्ये एक पुस्तिका प्रसिद्ध केली. विषय होता हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यातील पैशाचा व्यवहार. १८५७ चा उठाव मोडण्याचा खर्च हिंदुस्थानच्या नावे मांडला गेला होता. तो न्याय्य आहे का, असा वाद त्या वेळी चालू होता. विंगेटचा मुद्दा साधा होता. कर जिथे गोळा होतो तिथेच खर्च झाला तर पगाराच्या आणि खरेदीच्या रूपाने पैसा लोकांत परत फिरतो. तो दुसऱ्या देशात खर्च झाला तर देणाऱ्यांच्या दृष्टीने पूर्णपणे गेला. अशा रकमेला त्याने खंडणीच म्हटले आहे.

पेशवाईशी तुलना करून पाहावी. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातले मक्तेदार काही दयाळू नव्हते; रयतेला त्यांनी पिळलेच. पण तो पैसा पुण्यातल्या सराफ, विणकर, तांबट, शिलेदार यांच्या हाती येई आणि त्यांच्या घरी लागणारे धान्य खेड्यातूनच जाई.

आता पैसा बाहेर कसा जाई ते पाहू. लंडनमध्ये भारतमंत्र्याला दरवर्षी बरीच देणी भागवावी लागत: निवृत्त अधिकाऱ्यांची पेन्शने, कर्जावरचे व्याज, लष्करी सामान, रेल्वे कंपन्यांना हमी दिलेला ५ टक्के नफा. यांना 'होम चार्जेस' म्हणत. शतकाच्या अखेरीस ही रक्कम वर्षाला दीड कोटी पौंडांच्या वर गेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यासाठी रुळलेला मार्ग हुंडीचा होता.

समजा, एका इंग्रज व्यापाऱ्याला मुंबईत हजार रुपयांचा कापूस घ्यायचा आहे. तो लंडनमध्ये भारतमंत्र्याकडे शंभर पौंड भरतो आणि हजार रुपयांची हुंडी घेतो. ती मुंबईच्या सरकारी खजिन्यात वटते. खजिन्यात रुपये कुठले? साऱ्याचे. त्या रुपयांनी कापूस विकत घेतला जातो आणि बोटीत चढतो. पौंड लंडनमध्येच राहतात आणि त्यातून पेन्शने दिली जातात. म्हणजे शेतकऱ्याच्या मालाची किंमत शेतकऱ्यानेच भरलेल्या करातून चुकती होते. बोटीतून रुपये जात नाहीत, माल जातो. मुलांना हा व्यवहार फळ्यावर बाण काढून दाखवावा. पाच मिनिटांत कळतो.

इंदापूर तर ज्वारी-बाजरीचा, अवर्षणाचा मुलूख. पण सारा रोख भरायचा असल्याने तोही या साखळीत अडकलेला होता. तीस वर्षांची मुदत संपल्यावर १८६७ मध्ये सारा सुमारे दीडपट झाला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१-६५) वाढलेले भाव त्या वेळी उतरणीला लागले होते. त्याच वर्षी तुर्कस्तानच्या सुलतानासाठी लंडनमध्ये झालेल्या मेजवानीचा खर्चही हिंदुस्थानच्या तिजोरीवर टाकला गेला! पुढे चांदी घसरली. १८७० च्या सुमारास पौंडाला दहा रुपये पडत, १८९३ मध्ये सोळाच्या आसपास. देणी पौंडात होती, सारा रुपयात.

हे सर्व देणे म्हणजे निव्वळ लूट, असे मात्र म्हणता येणार नाही. व्याजाच्या बदल्यात रेल्वे आली होती. खंडणीचा खरा आकडा किती, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. दर ठरवण्यात आणि खर्च मंजूर करण्यात रयतेला मत नव्हते, याबद्दल मात्र वाद नाही.

सारा भरायला शेतकरी सावकाराकडे जाई. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी (आता बारामती तालुका) बाजाराच्या दिवशी लोकांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला आणि कर्जरोखे जाळले. दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. माणसे मारण्यापेक्षा कागद नष्ट करण्यावर भर होता. पुढच्याच वर्षी दादाभाई नौरोजींनी मुंबईत हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचला. विंगेटच्या पुस्तिकेचा आधार ते घेत असत. सरकारने चौकशीसाठी कमिशन नेमले आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्याने सावकाराच्या दाव्यांना लगाम घातला. सारा आणि लंडनची देणी त्या कायद्याच्या कक्षेत नव्हती.