धुळ्याचा पालखीमार्ग आणि मशिदीचा उंबरठा : एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :

विभागलेल्या शहरांतील धर्मस्थळांचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा प्रवेशाच्या प्रश्नाकडे जाते. आत कोणी जावे, दर्शन कोणास घडावे, हा तो प्रश्न होय. नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला सत्याग्रह आणि मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरास केलेले उपोषण ही त्याची ठळक उदाहरणे होत. जेरुसलेमचा इतिहासही याच अंगाने लिहिला जातो. १९४८ ते १९६७ या काळात ते शहर दोन राष्ट्रांत विभागलेले होते आणि १९४९ च्या शस्त्रसंधी करारात पवित्र स्थळांकडे जाण्याची तरतूद असूनही इस्रायलमधील ज्यूंना पश्चिम भिंतीपाशी प्रार्थनेस जाता आले नाही. खानदेशातील धुळे शहराचा प्रश्न मात्र निराळा आहे. येथे एका समाजाने दुसऱ्याच्या प्रार्थनास्थळात प्रवेश मागितला नव्हता. वाद होता तो त्या स्थळासमोरील रस्त्याचा, आणि रस्त्याहूनही अधिक वाद्यांचा.

१८९५ ची पार्श्वभूमी :

पेशवाईच्या अस्तानंतर खानदेशाचा कारभार कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांच्याकडे आला व पांझरेकाठचे धुळे हे जिल्ह्याचे मुख्य ठाणे झाले. १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम खानदेश असे विभाजन होईपर्यंत संपूर्ण खानदेशाचा कारभार येथूनच चाले. ज्या वस्तीस आज ‘जुने धुळे’ म्हणतात, तेथील दाट वस्तीत हिंदू व मुसलमान यांची धर्मस्थळे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर होती. अशा गावांत सण वेगळे ठेवणे शक्यही नव्हते आणि पूर्वी त्याची फारशी गरजही भासत नसे. मोहरमच्या ताबुतांत हिंदूंचा सहभाग ही एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या अनेक गावांत नित्याची गोष्ट होती.

ऑगस्ट १८९३ च्या मुंबईतील दंगलीनंतर हे चित्र झपाट्याने पालटले. १८९४ मध्ये येवले व पुणे येथे तंटे झाले. ताबुतांवर हिंदूंचा बहिष्कार आणि सार्वजनिक गणेशोत्सवाचा प्रसार या दोन्ही गोष्टी एकाच सुमारास घडल्या. मशिदीवरून वाजतगाजत जाण्याचा प्रश्न हा जणू दोन्ही समाजांच्या मानापमानाची कसोटी ठरला. १८९५ मध्ये धुळ्यात गणेश विसर्जनाची मिरवणूक मशिदीजवळ आली असता दंगल उसळली, गोळीबार झाला व माणसे मृत्युमुखी पडली. तेव्हापासून लोकांच्या तोंडी ‘खुनी गणपती’ आणि ‘खुनी मशीद’ ही नावे रूढ झाली. या शब्दाविषयी एक गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. मराठीत ‘खुनी’ म्हणजे खून करणारा. परंतु फारसीत ‘खून’ म्हणजे रक्त. नावाचा हा मूळ अर्थ घेतल्यास ते कोणावर आरोप करीत नाही, रक्त सांडल्याची आठवण तेवढी ठेवते. देवता आणि मशीद या दोहोंस एकच विशेषण लागावे, हेही लक्षणीय आहे.

कायदा आणि रिवाज :

ब्रिटिश शासनाने हा प्रश्न पोलीस बंदोबस्ताचा मानला. १८९० च्या मुंबई जिल्हा पोलीस कायद्याने मिरवणुका व रस्त्यावरील वाद्ये यांचे नियमन अधिकाऱ्यांच्या हाती दिलेच होते. पुढे १९२४-२५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मंजूर हसन विरुद्ध मुहम्मद जमान या खटल्यात, सार्वजनिक रस्त्यावरून धार्मिक मिरवणूक नेण्याचा हक्क मान्य करून तो दंडाधिकाऱ्यांच्या आदेशांच्या अधीन ठेवला. हा वाद संयुक्त प्रांतातील औरंगाबादचा होता (मराठवाड्यातील नव्हे) आणि तो शिया व सुन्नी यांच्यात होता, ही बाब सहसा सांगितली जात नाही.

कायद्याने हक्क कोणाचा हे ठरविता येते. परंतु मशिदीसमोर आलेल्या पालखीने क्षणभर थांबावे आणि आतील मंडळींनी बाहेर यावे, हे कायदा ठरवू शकत नाही. धुळ्यात ते रिवाजाने ठरले. अनंत चतुर्दशीस खुनी गणपतीची पालखी खांद्यावरून जुन्या धुळ्यातील मशिदीसमोर येते, मुस्लिम बांधव तीवर पुष्पवृष्टी करतात व मगच ती विसर्जनासाठी पुढे जाते. येथे कोणी दुसऱ्याची उपासना स्वीकारत नाही. हिंदू मशिदीत जात नाहीत, मुसलमान पालखीचे भोई होत नाहीत. दोघेही उंबरठ्याशी येतात, तेवढेच. या प्रथेचे वर्णन ‘एकात्मता’ या शब्दाने करण्याची वर्तमानपत्री सवय म्हणूनच अपुरी वाटते. ही एकरूपता नव्हे, भेट आहे. आणि ती दरवर्षी नव्याने घडवावी लागते.

तिच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. ऑक्टोबर २००८ मध्ये धुळे शहर दंगलीत होरपळले. ६ जानेवारी २०१३ रोजी मच्छीबाजार भागात हॉटेलच्या बिलावरून झालेला तंटा दंगलीत पालटला व पोलीस गोळीबारात सहा तरुण मरण पावले. एकदा फलकांवरून, एकदा बिलावरून. या दोन्ही दंगली मशिदीसमोरील पालखीमुळे उद्भवलेल्या नाहीत. ज्या जागी भांडण होण्याची भीती सर्वांस ठाऊक होती, तेथे रिवाज निर्माण झाला. बाजारात, हॉटेलात, वस्त्यांच्या सीमेवर असा रिवाज घडला नाही. तेथे दोन समाजांची गाठ पडते ती ग्राहक व दुकानदार म्हणून, आणि तंटा पेटल्यास मध्ये पडणारी मान्य व्यक्ती किंवा ठरलेली वेळ तेथे नसते.

वेळेचा मुद्दा अलीकडे पुन्हा पुढे आला. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी व ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबर रोजी आली. तेव्हा राज्यातील अनेक शहरांत मुस्लिम समित्यांनी आपली मिरवणूक स्वतःहून एक दिवस पुढे ढकलली, आणि शासनाने ईदची सुटी २९ सप्टेंबर रोजी दिली. निर्णय आधी मोहल्ल्यांत झाला. शासनाचा आदेश त्यानंतर निघाला.