यादृच्छिक संख्या : ठरावीक मर्यादेतील निर्मिती

दिलेल्या किमान आणि कमाल मर्यादांमधली (उदा., १ ते ६) कोणतीही पूर्णांक संख्या सारख्याच संभाव्यतेने निवडून देणारी प्रोग्राममधली कृती. तिचे दोन टप्पे असतात. संगणकाचा यादृच्छिक संख्या-जनक आधी स्वतःच्या मर्यादेतली एक कच्ची संख्या देतो. मग ती आपल्याला हव्या त्या मर्यादेत बसवावी लागते. पहिल्या टप्प्यावर गणितज्ञांनी भरपूर लिहिले आहे. दुसरा टप्पा शाळकरी अंकगणिताचा वाटतो, आणि म्हणूनच तिथे गफलती होतात.

सी भाषेतले ‘रँड’ हे फंक्शन ० पासून ‘रँड-मॅक्स’पर्यंतची संख्या देते. मानकानुसार ही कमाल किमान ३२,७६७ असावी लागते. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये ती नेमकी तेवढीच आहे. जावास्क्रिप्टमधले ‘मॅथ.रँडम’ ० ते १ मधला अपूर्णांक देते. त्यात ० येऊ शकतो, १ कधीच नाही.

कमाल मर्यादा धरायची की वगळायची, याबाबत भाषाभाषांत एकवाक्यता नाही. पायथॉनमध्ये ‘रँडइंट’ला १ आणि ६ दिले तर ६ येऊ शकतो, त्याच भाषेतल्या ‘रँडरेंज’ला तेच आकडे दिले तर ५ च्या पुढे जात नाही. सी-शार्पचे ‘नेक्स्ट’ही वरचे टोक वगळते, स्प्रेडशीटमधले ‘रँडबिटवीन’ धरते. हाताने सूत्र लिहिताना मर्यादेतल्या संख्या ‘कमाल वजा किमान अधिक १’ इतक्या असतात. हा अधिक १ विसरणे ही सर्वांत जुनी चूक. अपूर्णांकाचा पूर्णांक करताना खालच्या पूर्णांकावर न उतरता जवळच्या पूर्णांकावर नेले, तर आणखी एक खोड दिसते. फाशासाठी अपूर्णांकाला ५ ने गुणून, जवळचा पूर्णांक घेऊन त्यात १ मिळवला, तर १ आणि ६ ही टोके इतर आकड्यांच्या निम्म्याच वेळा पडतात.

सर्वांत प्रचलित युक्ती बाकीची : मर्यादेत न संख्या असतील, तर कच्च्या संख्येला न ने भागायचे आणि बाकी घ्यायची. ती पूर्ण न्याय्य फक्त तेव्हाच असते, जेव्हा कच्च्या संख्यांच्या एकूण संख्येला न ने नि:शेष भाग जातो. जनक ० ते ७ असे आठच आकडे देतो असे धरू. त्यांना ६ ने भागल्यावर बाक्या ०, १, २, ३, ४, ५, ०, १ अशा येतात. म्हणजे ० आणि १ यांची शक्यता दुप्पट. ३२,७६८ कच्च्या संख्यांतून १०० पैकी एक निवडताना ० ते ६७ यांच्या वाट्याला प्रत्येकी ३२८ आणि ६८ ते ९९ यांच्या वाट्याला ३२७ संख्या येतात; एवढा फरक खेळात चालून जाईल. पण २०,००० पैकी एक निवडायचा असेल, तर पहिल्या १२,७६८ संख्यांची शक्यता उरलेल्यांच्या दुप्पट होते. हे चालून जाणार नाही.

उपाय सोपा आहे : न च्या पटीत न बसणाऱ्या शेवटच्या कच्च्या संख्या टाकून द्यायच्या आणि पुन्हा मागायच्या. हा लूप सैद्धांतिकदृष्ट्या कितीही वेळ फिरू शकतो, पण टाकाऊ संख्या नेहमी निम्म्याहून कमी असल्याने सरासरी दोनपेक्षा कमी फेऱ्यांत काम होते. डॅनियल लेमिर यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत भागाकाराऐवजी गुणाकार करून गुणाकाराचा वरचा अर्धा भाग घेतात; वेळखाऊ भागाकाराची गरज क्वचितच पडते.

एका आकड्याची चूक कुठवर जाते, याचे बोलके उदाहरण १९९९ मधले. एएसएफ सॉफ्टवेअर या कंपनीने ऑनलाइन पोकरसाठी पत्ते पिसण्याची आपली पद्धत चोख आहे, हे पटवण्यासाठी ती स्वतःच जाहीर केली. तीत प्रत्येक पत्त्याची अदलाबदल १ ते ५१ मधल्या जागेशी होत होती. त्यामुळे सुरुवातीचा ५२ वा पत्ता शेवटी ५२ व्या जागी कधीच राहू शकत नव्हता. मर्यादा ५२ केली असती तरी भागले नसते : दर वेळी ५२ पैकी एक जागा निवडली की ५२ चा ५२ वा घात इतके मार्ग होतात, आणि त्यांना पत्त्यांच्या एकूण मांडण्यांनी नि:शेष भाग जात नाही. बरोबर पद्धतीत मर्यादा दर पायरीला एकाने आकसते. फिशर आणि येट्स यांनी ती १९३८ मध्ये कागदावरच्या कामासाठी दिली. डर्स्टनफेल्ड यांनी १९६४ मध्ये संगणकासाठी बसवली. एएसएफच्या पद्धतीत आणखी एक दोष होता : जनकाचे बीज (ज्या संख्येपासून तो सुरुवात करतो ती) मध्यरात्रीपासून झालेल्या मिलिसेकंदांवरून घेतले जात होते, म्हणजे दिवसभरात ८,६४,००,००० च शक्यता. रिलायबल सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीजच्या संशोधकांनी सर्व्हरच्या घड्याळाशी वेळ जुळवून त्या सुमारे दोन लाखांवर आणल्या आणि डाव चालू असताना प्रतिस्पर्ध्यांचे पत्ते ओळखून दाखवले.

पासवर्ड, ओटीपी, सोडती यांसाठी साधे जनक चालत नाहीत. पायथॉनचा नेहमीचा जनक मर्सेन ट्विस्टर. त्याच्या सलग ६२४ कच्च्या संख्या हाती लागल्या की पुढच्या सगळ्या सांगता येतात. अशा कामांसाठी पायथॉनमध्ये ‘सीक्रेट्स’, पीएचपीमध्ये ‘रँडम-इंट’ आहे. इथेही मर्यादा नीट ठरवावी लागते : सहा अंकी ओटीपीची सुरुवात शून्याने होऊ नये म्हणून १,००,००० पासून संख्या घेतली, तर दहा लाखांऐवजी नऊ लाखच शक्यता उरतात.